बुधवारी संध्याकाळी करून ठेवायची कामं: पुण्यात नव्याने बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी

पुण्यात राहायला आलात की महिन्याभरात इथला गुरुवार आपोआप कळतो. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची मोठी कामं बहुधा गुरुवारी निघतात. महापालिकेची जलकेंद्रं दुरुस्तीसाठी बंद राहतात तीही गुरुवारीच. पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीसुद्धा याच वारी. त्यामुळे घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला अकराची मीटिंग, सव्वाअकराला गेलेली लाईट आणि दुपारी रिकामी होत आलेली टाकी असं सगळं एकाच दिवशी येऊ शकतं. दर गुरुवारी असं होतंच असं नाही. पण होतं तेव्हा जुना पुणेकर बादल्या भरून निवांत बसलेला असतो आणि नवा माणूस फोनच्या बारा टक्क्यांकडे बघत असतो.

मी सोलापूरहून इथे आले आणि पुढे भाड्याच्या घरांतून धायरी, कोथरूड, वाघोली अशी फिरत राहिले. प्रत्येक भागाची तऱ्हा वेगळी. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी दिसली: लोक आधी वस्तू मागवतात आणि घराची माहिती नंतर काढतात. हजारो रुपयांचा इन्व्हर्टर दारात येतो, पण वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक कुणाला ठाऊक नसतो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी माहिती, मग सवय, आणि तरीही गरज उरली तरच खरेदी.

आधी हे गोळा करा

- घराचं जुनं वीजबिल. मालकाने फोटो पाठवला तरी चालेल
- इंटरनेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, आणि तुमच्या भागात प्रत्यक्ष येऊन वायर जोडणाऱ्या माणसाचा नंबर. कॉल सेंटरचा नव्हे
- फोनचं खरेदीचं बिल, किंवा निदान खोक्याचा फोटो
- भाडेकराराची प्रत
- टेस्टर, चिकटपट्टी, मार्कर पेन, सेलवर चालणारी एक साधी बॅटरी
- एक कोरा कागद आणि फ्रिजवर लावायचं चुंबक

यातलं काही नव्याने विकत घ्यावं लागलं तरी शे-दोनशे रुपयांच्या वर जायचं नाही.

## १. वीजबिलावरचे दोन आकडे

बिलाच्या वरच्या भागात बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि जवळच चार आकडी बिलिंग युनिट. हे दोन्ही फोनमध्ये 'लाईट' नावाने संपर्क तयार करून त्यात लिहून ठेवा. तक्रार नोंदवताना सगळ्यात आधी हाच ग्राहक क्रमांक विचारतात, आणि अंधारात बिलाची फाईल सापडत नाही.

भाडेकरूंनी एक खाचखळगा लक्षात ठेवायचा. वीज बंद राहणार असल्याचे महावितरणचे मेसेज बिलाला जोडलेल्या मोबाईलवर जातात, आणि तो नंबर बहुतेक वेळा घरमालकाचा असतो. आमच्या एका घराचे मालक नाशिकला राहायचे. पुण्यातली लाईट जाणार हे त्यांना आदल्या दिवशी कळायचं आणि आम्हाला गेल्यावर. यावर उपाय सोपा आहे. मालकांना विचारून तुमचा नंबर नोंदवून घ्या. इंग्रजी अक्षरांत एम-आर-ई-जी, मग एक जागा सोडून ग्राहक क्रमांक, असा मेसेज ९९३०३९९३०३ वर पाठवायचा. मालकांना ते पसंत नसेल तर आलेला मेसेज पुढे पाठवायची विनंती करा. बहुतेक जण पाठवतात, फक्त एकदा आठवण करावी लागते.

लाईट गेल्यावर फोन लावण्याआधी खिडकीतून बाहेर बघा. समोरच्या इमारतीत दिवे आहेत? जिन्यात आहेत? फक्त तुमच्याच घरात अंधार असेल तर दोष तुमच्या बोर्डात आहे. जिन्यासकट पूर्ण इमारत गेली असेल तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला गाठा. पूर्ण गल्ली गेली असेल तर काम महावितरणचं: १९१२ किंवा १८००-२१२-३४३५. मघाच्या ९९३०३९९३०३ या नंबरवर इंग्रजीत 'नो पॉवर' हे शब्द जोडून लिहून, जागा सोडून ग्राहक क्रमांक पाठवला तरी तक्रार नोंदली जाते. लाईन लागतच नसेल तेव्हा हा मार्ग बरा. सोसायटीत कुणाकडे तुमच्या भागाच्या जनमित्राचा, म्हणजे लाईनमनचा नंबर असतो. तो मागून घ्या, पण उठसूट लावू नका. पावसात तो खांबावर असतो.

आणि ही फसवणूक ओळखायला शिका: 'मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल, खालील अधिकाऱ्यास फोन करा.' असा मेसेज दहा आकडी खासगी नंबरवरून येतो. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या नावाने येतात आणि त्यांत कुणा अधिकाऱ्याचा खासगी मोबाईल नसतो. त्या नंबरवर फोन केला की समोरचा एखादं अ‍ॅप डाऊनलोड करायला सांगतो आणि त्यातून खातं रिकामं होतं. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन करा. जितका उशीर कराल तितके ते पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

## २. दारामागचा डबा

एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या डब्यावर कोणता खटका कशाचा हे बहुधा लिहिलेलं नसतं. एका रविवारी एकेक खटका पाडून बघा आणि चिकटपट्टीवर मार्करने नाव लिहा: गिझर, स्वयंपाकघर, हॉल. राऊटर आणि फ्रिज एकाच खटक्यावर आहेत का तेही बघून ठेवा. डब्यात 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असलेला एक रुंद खटका असेल, तर तो शॉकपासून वाचवणारा. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं आणि खटका पडायला हवा. पडला नाही तर त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलवा. हा खटका नसेल तर मालकांकडे मागा, आणि गिझर वापरण्याआधी मागा.

## ३. पाण्याचं वेळापत्रक फोनला सांगा

पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव अशा जलकेंद्रांवर काम निघालं की महापालिका दोन-तीन दिवस आधी जाहीर करते. त्या निवेदनातलं शेवटचं वाक्य वर्षानुवर्षं तेच: 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' नवे लोक गुरुवारचं पाणी साठवतात आणि शुक्रवारला फसतात. साठा शुक्रवार दुपारपर्यंतचा धरा.

तुमचं घर कोणत्या जलकेंद्रावर येतं हे एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. बातमीत भागांची लांबलचक यादी येते आणि त्यात तुमच्या गल्लीचं नाव असेलच असं नाही, पण जलकेंद्राचं असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर गणित निराळं. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये 'दर दोन दिवसांनी' अशी पुनरावृत्ती लावली की आज पाण्याचा वार आहे का हे आठवत बसावं लागत नाही. वाघोलीसारख्या भागात बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. तिथे गजरापेक्षा सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप महत्त्वाचा. तेवढा एकच ग्रुप म्यूट करू नका, बाकीचे खुशाल करा.

पाणी शुद्ध करणारं यंत्र विजेवर चालतं हे लाईट गेल्यावरच आठवतं. पिण्याचं पाणी बुधवारी रात्रीच भरून ठेवा. माणशी तीन लिटर पिण्याला, शिवाय स्वयंपाकाचं वेगळं. आणि बंदनंतर येणारं पहिलं पाणी गढूळ असलं तर वाहू द्या, पिण्याचं उकळून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं होतं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरी अजून मोठं पातेलं रोज गॅसवर चढतं.

तक्रारीसाठी पुणे महापालिकेचा १८००-१०३०-२२२ हा नंबर आणि पीएमसी केअर अ‍ॅप आहे. पिंपरी-चिंचवडसाठी सारथी, ८८८८००६६६६. अ‍ॅपवर टाकलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. दुसऱ्यांदा फोन करताना त्याच क्रमांकाने बोललात की समोरच्याचा आवाज जरा बदलतो.

## ४. लाईट गेली तरी इंटरनेट चालेल का

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून हे सावकाश वाचा.

घरी येणारं इंटरनेट दोन तऱ्हांचं असतं. एकात काचेची बारीक तार थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येते. मधल्या जोडण्यांना वीज लागत नाही. घरातला डबा चालू राहिला आणि कंपनीच्या केंद्रावर वीज असली की नेट चालतं. दुसऱ्या तऱ्हेत तार इमारतीपर्यंतच येते. जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विचचा डबा असतो आणि तिथून जाड टोकाची लॅन केबल तुमच्या घरात येते. त्या डब्याला जिन्यातल्या लाईनवरून वीज मिळते. लाईट गेली की तोही बंद पडतो, मग तुमच्या राऊटरला तुम्ही कितीही बॅकअप द्या.

ओळखायचं कसं? राऊटरच्या मागे बघा. बारीक, पिवळसर किंवा पांढरी, वाकवायला नाजूक तार येत असेल तर पहिली तऱ्हा. टेलिफोनच्या टोकासारखं पण त्याहून रुंद पारदर्शक टोक थेट भिंतीतून येत असेल तर बहुधा दुसरी. खात्री नसेल तर वायर जोडायला आलेल्या माणसाला सरळ विचारा, 'दादा, बिल्डिंगमधल्या स्विचला बॅकअप आहे का?' नसेल तर सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडा. जनरेटरच्या लाईनवर तो छोटा डबा जोडायला फारसा खर्च येत नाही. लिफ्टसाठी जनरेटर आहेच, त्यात याचा भार म्हणजे काहीच नाही.

पहिली तऱ्हा असेल तर राऊटरसाठी मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर त्याला चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घेणं सार्थकी लागतं. घेण्याआधी राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक छापील वाचा. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायला हवा. बारा व्होल्टचा राऊटर असेल तर यूपीएसही बाराचाच. अ‍ॅम्पिअरचा आकडा राऊटरच्या इतका किंवा जास्त असला तरी चालतो, कमी नको. पिनची जाडीही बघा, नाहीतर टोक सैल बसून राऊटर सारखा बंद-चालू होतो. काही घरांत काचेच्या तारेचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. तिथे दोन्हींना बॅकअप लागतो. दुकानदार एकच यूपीएस देऊन मोकळा होतो आणि मग 'वायफाय दिसतंय पण नेट नाही' ही तक्रार सुरू होते.

दुसरी तऱ्हा असेल आणि सोसायटी हलत नसेल, तर यूपीएसच्या नादी लागू नका. फोनचा हॉटस्पॉट हाच तुमचा बॅकअप. त्यासाठी फोनमधलं दुसरं सिम पहिल्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. घरात कोणत्या खोलीत त्याची रेंज चांगली येते ते लाईट असतानाच फिरून बघा. आमच्या कोथरूडच्या घरात ती फक्त न्हाणीघराच्या दारात यायची. मीटिंगमध्ये मी कॅमेरा का लावत नाही, हे ऑफिसला कधी सांगितलं नाही.

## ५. बॅटऱ्यांचं खरं गणित

दहा हजार एमएएचची पॉवरबँक पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. आतला व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरीच ऊर्जा जाते, त्यामुळे जेमतेम दीड वेळा धरा. दोन माणसांच्या घराला एका दिवसासाठी तेवढी पुरते. वीस हजार एमएएचची घेतलीत तर ती भरायलाच पूर्ण रात्र जाते, आणि बुधवारी संध्याकाळी लावायला विसरलात की गुरुवारी ती विटेच्या उपयोगाची. पॉवरबँक फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरा गोळा करायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना ती वेगळी दाखवून, सांगून द्या.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. १५० एएचच्या बारा व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात त्यातले सत्तर टक्के हाती लागतात असं धरा. तीन साधे पंखे, चार एलईडी आणि राऊटर मिळून २८० वॅटच्या आसपास जातात, म्हणजे चार-साडेचार तास. भाड्याच्या घरात एवढी जड वस्तू पुढच्या प्रत्येक घरी न्यायची आहे, हे लक्षात घेऊन ठरवा. माझं मत विचाराल तर दोन वर्षांच्या आत घर बदलण्याची शक्यता असेल तर चार्जिंगचा पंखा आणि मिनी यूपीएस यांवर भागवा. इन्व्हर्टर आधीच घरात असेल तर दर तीन महिन्यांनी त्यातल्या डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं पाणी घालू नका. इस्त्री, मिक्सर आणि इंडक्शन त्या लाईनवर कधीच नको.

## ६. बुधवारची संध्याकाळ

वेगळी आठवण ठेवायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात विसरता. प्रत्येक काम घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाला जोडून द्या.

1. चहाच्या वेळी: महावितरणचा मेसेज आणि सोसायटीचा ग्रुप बघा. उद्या काय बंद आहे ते ठरतं इथेच.
2. कुकर लावताना: इडलीचं वाटण, चटणी, नारळ असं मिक्सरचं काम आजच उरका. इस्त्रीही.
3. ओटा पुसून झाला की: पिण्याचं पाणी, आणि न्हाणीघरात दोन बादल्या.
4. विरजण लावताना: पॉवरबँक, लॅपटॉप, चार्जिंगचा दिवा असेल तर तोही, चार्जिंगला.
5. झोपण्यापूर्वी: उद्याच्या कामाच्या फाईली लॅपटॉपवर उतरवून ठेवा. नेट नसेल तेव्हा क्लाऊडवरच्या फाईली दिसतात, उघडत नाहीत.

उद्या काहीच बंद नसेल तर फक्त तिसरं आणि चौथं करा. इतकं कमी असलं तरच वर्षभर टिकतं.

गॅसचं इथेच सांगते. पाइप गॅस असेल तर स्वयंपाकघरातली मुख्य चावी कुठे आहे आणि कोणत्या दिशेने बंद होते हे घरातल्या प्रत्येकाने एकदा हाताने फिरवून बघावं. त्याचा तातडीचा नंबर बिलावर छापलेला असतो. सिलिंडर असेल तर गळतीसाठी १९०६. गळतीचा वास आला की आधी चावी बंद करा, खिडक्या उघडा, खटक्यांना हात लावू नका आणि फोन घराबाहेर जाऊन लावा.

## ७. फोनमध्ये आधी भरून ठेवायचं

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ सुद्धा. हे नंबर पाठ असतात, पण घाबरल्यावर बोटं चुकतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉलची सोय असते. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' शोधा आणि तिथे काय होणार ते आधी ठरवून घ्या. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं असतं. दोन्ही फोनच्या सेटिंग्जमध्ये रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि दोन माणसांचे नंबर भरता येतात, जे फोनचं कुलूप न उघडता दुसऱ्याला दिसतात. दोनपैकी एक नंबर पुण्यातलाच असू द्या. लातूरच्या बाबांना अपघाताचा फोन गेला तर ते काळजी करण्यापलीकडे काय करणार?

डिजिलॉकरमध्ये आधार, वाहन परवाना आणि आरसी घ्या. तिथल्या कागदांना मूळ कागदाइतकीच कायदेशीर मान्यता आहे. मात्र ते उघडायला नेट लागतं, म्हणून परवान्याची प्रत फोनमध्येही उतरवून ठेवा. भाड्याच्या कामात आधार कुणाला पाठवायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार पाठवा. एजंट 'फुल पाहिजे' म्हणेल. कशासाठी, हे त्याला विचारा.

पुणे शहराचा नकाशा गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन घेऊन ठेवा. खडकवासला ते वाघोली एवढा चौकोन बसवा. पैशांचं म्हणाल तर घरात पाचशे ते हजार रुपये, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. सर्व्हर बंद पडला तर भाजीवाल्याचा क्यूआर कोडही बंद. नेटशिवाय पैसे पाठवायला *९९# आहे, पण तो सगळ्या सिमवर चालतोच असं नाही. आजच एकदा करून बघा.

## ८. पावसाळा: नदीकाठ, ओढा आणि धरणाचे आकडे

घर घेताना ब्रोकर ओढ्याला 'नाला' म्हणतो, जाहिरात त्याला 'रिव्हर व्ह्यू' करते. तुमच्या घराजवळून काय वाहतं, हे शेजारच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा.

पुण्याला पाण्याची तीन वेगवेगळी भीती आहे. धरण फुटल्याची आठवण १२ जुलै १९६१ ची, पानशेतची. ती जुन्या लोकांकडून ऐकाल. दुसरी ओढ्याची: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर भागात पाणी घराघरांत शिरलं. त्या रात्री नदीकाठी नसलेली घरंही बुडाली. तिसरी धरणातून सोडलेल्या पाण्याची: २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोकांना जाग आली तेव्हा पार्किंग पाण्याखाली होतं.

ओढ्याच्या पुराला अवधी मिळत नाही. डोंगरावर जोरात पाऊस झाला की तो तासा-दीड तासात येतो. नदीच्या पाण्याला मात्र अवधी मिळतो, कारण खडकवासल्यातून विसर्ग वाढवण्याआधी पाटबंधारे विभाग जाहीर करतो. त्या बातमीतला आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पावसाळ्यात दोन गोष्टी एकत्र बघायच्या: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं किती टक्के भरली आहेत, आणि विसर्ग किती वेगाने वाढतो आहे. वरची तिन्ही धरणं भरत आलेली असताना घाटात पाऊस लागला, की खडकवासल्यातून पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो, कारण ते स्वतः लहान आहे. बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता सगळ्यात आधी बंद होतात. भिडे पुलावर पाणी आल्याची बातमी आली की नदीकाठच्या सोसायटीने गाड्या वर काढायला लागावं.

फोनवर इतकंच ठेवा: हवामान विभागाचं 'मौसम', विजांसाठी 'दामिनी' आणि आपत्तीच्या सूचनांसाठी 'सचेत'. दामिनी पुण्यातल्याच पाषाणच्या आयआयटीएम संस्थेने बनवलं आहे. वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. या अ‍ॅप्सना लोकेशनची आणि सूचनांची परवानगी दिली नाहीत तर ती फोनमध्ये शोभेला उरतात. हवामान विभागाचे शब्दही समजून घ्या. दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. 'ऑरेंज अलर्ट' घाटमाथ्याला आहे की शहराला, हे दर वेळी वाचा. बातमीच्या मथळ्यात दोन्ही 'पुणे'च असतं, पण ताम्हिणीचा पाऊस आणि हडपसरचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक.

ग्रुपवर 'धरण फुटलं' असा आवाजाचा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. पुढे पाठवण्याआधी जिल्हा प्रशासन किंवा महापालिकेने काय म्हटलं ते बघा.

तळमजल्यावर राहत असाल तर जूनच्या सुरुवातीला राऊटर, एक्स्टेंशन बोर्ड आणि इन्व्हर्टर जमिनीपासून वर उचला. घरात पाणी शिरायला लागलं की पहिलं काम मेन स्विच बंद करणं. दुसऱ्या पायरीत डब्यावर लिहिलेल्या नावांचा उपयोग तेव्हा होतो.

## ९. फोन गेला तर

पीएमपी बसच्या गर्दीत, लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीत, किंवा गणपतीत फोन जातो. त्यात तुमची बँक, ओळखपत्र आणि घरच्यांचे नंबर असतात, म्हणून तयारी फोन हातात असताना करायची.

*#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळवा आणि कागदावर लिहा. दोन सिमच्या फोनला दोन आकडे असतात. गूगल खात्यात 'बॅकअप कोड' मिळतात, ते छापून कपाटात ठेवा. नवीन फोनवर खातं उघडताना ओटीपी जुन्या, चोरीला गेलेल्या फोनवर जाणार असतो, तेव्हा हे कोडच कामी येतात. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा. यूपीआयचा पिन आणि फोन उघडायचा पिन एकच ठेवू नका.

फोन गेल्यावर हा क्रम:

1. घरच्या कुणाच्या फोनवरून सिम बंद करा.
2. बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाईल बँकिंग थांबवा.
3. गूगल किंवा अ‍ॅपलच्या 'फाइंड' सेवेतून फोनला कुलूप घाला. फोन कुठे दिसतोय ते बघून स्वतः तिथे जाऊ नका.
4. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर 'लॉस्ट अँड फाऊंड'मध्ये नोंद करा. चोरी असेल तर चौकीत जाऊन तक्रार द्या.
5. त्याच नंबरचं नवं सिम घ्या.
6. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय बंद करण्याचा अर्ज भरा. त्याला तक्रारीची प्रत, ओळखपत्र, खरेदीचं बिल आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो.

पाचव्या आणि सहाव्यामध्ये बरेच जण अडकतात. नवं सिम चालू झालं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठीच हा नियम केला आहे. कॉल चालतात, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं सुरळीत झालं, आणि मग ओटीपी का येत नाही म्हणून तो गॅलरीत पुन्हा रांगेत उभा राहतो. तो दिवस ओटीपीशिवाय काढायचा आहे हे धरून चाला. भाडं किंवा हप्ता त्याच दिवशी भरायचा असेल तर ज्याला द्यायचा त्याला फोन करून सांगा.

## १०. फ्रिजवरचा कागद

इथवर केलेलं सगळं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या फोनमध्ये आहे. गावाहून आलेल्या आई-बाबांना, किंवा तुम्ही ऑफिसात असताना घरी असलेल्या मावशींना त्याचा काही उपयोग नाही. म्हणून तो कोरा कागद घ्या आणि ठळक अक्षरांत लिहा: घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट. रुग्णवाहिकेच्या चालकाला फ्लॅट नंबर नव्हे, 'मारुती मंदिरासमोरची गल्ली' कळते. मग ११२, वीज ग्राहक क्रमांक आणि १९१२, गॅसचा नंबर, सोसायटीचे वॉचमन, इंटरनेटवाले दादा, शेजारचं एक घर, जवळचं चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय. तुमचा स्वतःचा नंबरही लिहा, कारण आईला तो पाठ नाही. तिच्या फोनमध्ये तुमच्या फोटोवर बोट ठेवलं की लागतो, एवढंच तिला माहीत.

कागदाच्या तळाशी एक ओळ जाड अक्षरांत: 'फोनवर कुणी काहीही सांगितलं तरी ओटीपी द्यायचा नाही, अ‍ॅप टाकायचं नाही. आधी मला विचारा.' पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारे फोन घरी एकट्या असलेल्या ज्येष्ठांनाच जास्त येतात, म्हणून 'पोलीस म्हणाला तरी' हेही लिहा.

बँकेचे तपशील, पासवर्ड किंवा दाराच्या डिजिटल कुलपाचा आकडा या कागदावर नको. दाराला असं कुलूप असेल तर त्याचे सेल दिवाळीच्या साफसफाईत बदला आणि जादाची साधी किल्ली शेजारच्या घरी ठेवा.

कागदावर कोपऱ्यात तारीख टाका. वॉचमन बदलला, इंटरनेट बदललं किंवा घर बदललं, की जुना फाडून नवा लावा.